कॉम्प्युटरवर गिटार: डबीत अडकलेल्या माशीसारखा आवाज का येतोय?

सहावी_तार (धागाकर्ता)

मंडळी, दोन महिने एकट्याने झगडून झालं, आता शरण आलोय.

घरात तान्हं बाळ आहे. त्यामुळे अ‍ॅम्प कपाटामागे गेला आणि त्याच्या जागी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारी डबी), लॅपटॉप आणि हेडफोन आले. सगळे म्हणतात आता सॉफ्टवेअरमध्ये आणि खऱ्या अ‍ॅम्पमध्ये फरक राहिलेला नाही. माझ्याकडे मात्र क्लीन टोन वाजवला की प्रत्येक स्वर दोनदा छेडल्यासारखा येतो, ठ-ठक असा. आणि डिस्टॉर्शन लावलं की पत्र्याच्या डबीत माशी अडकलीय असं वाटतं. सुराला बुडही नाही आणि शेंडाही नाही.

न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, त्यात सगळे ज्याचं कौतुक करतात असं एक हाय-गेन कॅप्चर (खूप फाटणाऱ्या एका खऱ्या अ‍ॅम्पचा ठसा) उतरवून घेतलंय. शिवाय एका विकतच्या प्लगिनची ट्रायल चालू आहे. त्यातले तीनेकशे प्रीसेट ऐकून झाले, बहुतेक वाईटच. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका वेळी जमवून पुढे पाठवायचे सॅम्पल) २५६. हीच गिटार अ‍ॅम्पवर छान वाजायची.

दोष लॅपटॉपचा, गिटारचा की माझ्या बोटांचा? तिसरं असेल तर जरा सांभाळून सांगा.

ट्यूबलाइट

दोष सॉफ्टवेअरचा. अ‍ॅम्प कपाटामागून काढा. बाळाला लहानपणापासून सवय लागेल.

पिकहरवली

वाचतेय. मला तर आवाज फक्त डाव्या कानात येतो, त्यामुळे तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात.

तारतम्य

प्रीसेट बदलणं आधी थांबवा. तीनशेपैकी बहुतेक प्रीसेट वाईट असतील तर गडबड प्रीसेटच्या आधी तरी आहे किंवा नंतर तरी. चार गोष्टी सांगा:

गिटार इंटरफेसच्या कुठल्या खोबणीत लावलीय आणि तिथे ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण आहे का, ते चालू आहे का? हेडफोन इंटरफेसला लावलेत की लॅपटॉपला? ड्रायव्हर कुठला निवडलाय? आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचा नॉब किंवा बटण असेल तर ते कुठे आहे?

@पिकहरवली, इंटरफेसला दोन इनपुट असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना डावं-उजवं समजतं. ट्रॅक स्टिरिओऐवजी मोनो करा, इनपुट १ निवडा. प्लगिन एकटंच चालवत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये मोनो इनपुट शोधा. दोन मिनिटांचं काम.

सहावी_तार

> ‘इन्स्ट’ बटण चालू आहे का?

बटण आहे. दिवा लागलेला नाही. म्हणजे बंदच असणार? आवाज फार हळू येत होता म्हणून गेनचा नॉब घड्याळातल्या तीनपर्यंत नेला होता.

हेडफोन इंटरफेसलाच. ड्रायव्हर विंडोजने आपोआप दिला तो. मॉनिटरचा नॉब बरोबर मधे ठेवलाय, दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून.

तारतम्य

‘दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून’, इथेच तुमची ठ-ठक आहे.

तो नॉब एका टोकाला गिटारचा कोरा आवाज थेट हेडफोनला देतो, कॉम्प्युटरला न विचारता. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज देतो. मधे ठेवलात की दोन्ही मिसळतात: आधी कोरी गिटार, मागून धापा टाकत अ‍ॅम्प. एकच स्वर दोनदा. गायकाला रेकॉर्डिंग करताना हा नॉब वरदान आहे, तुम्हाला शाप. पूर्ण कॉम्प्युटरच्या बाजूला फिरवा आणि तिथे चिकटपट्टी लावून टाका.

आता ‘इन्स्ट’ बटण. हे थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फसलेले लोक नंतर वर्षभर इक्वलायझर फिरवत बसतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल अगदी नाजूक. त्याला समोरून साधारण दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगोहमचा रोध हवा असतो. खऱ्या अ‍ॅम्पच्या इनपुटला तो तेवढाच असतो. लाइन इनपुटचा रोध हजारांत मोजावा लागतो, दहा हजार ओहमच्या आसपास. तिथे गिटार लावली की पिकअपवर ओझं येतं, वरचे स्वर आधी गळतात आणि एकूण आवाजही पडतो. मग माणूस गेन वाढवतो, त्याबरोबर खरखर वाढते, आणि बोथट झालेला सिग्नल मोठ्याने ऐकू येतो. गेलेला ट्रेबल पुढे कुठल्याही नॉबने तसाच परत येत नाही.

बटण दाबा. गेन पूर्ण खाली आणा. मग बघा.

खरखर

> एक हाय-गेन कॅप्चर उतरवून घेतलंय

कॅप्चर नुसत्या हेडचं (स्पीकरविना अ‍ॅम्पचं) आहे की कॅबसकट (स्पीकरच्या पेटीसकट)? त्या पानावर लिहिलेलं असतं. नुसत्या हेडचं असेल आणि पुढे आयआर लावली नसेल तर ही तुमची माशी.

सहावी_तार

आयआर म्हणजे? (हसू नका.)

खरखर

हसत नाही, मी सहा महिने असाच वाजवत होतो आणि त्याला ‘आधुनिक टोन’ म्हणत होतो.

गिटारचा स्पीकर हा साध्या अर्थाने स्पीकरच नाही. बारा इंची कागदी शंकू, त्यातून पाच किलोहर्ट्झच्या पुढे आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमध्ये त्या पट्ट्याच्या वर जो झिंग-झिंग कचरा तयार होतो तो स्पीकर गिळून टाकतो. स्पीकर काढून हेडचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकलात, तर हेडफोन पार वीस किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत ऐकवतात. माशी ती हीच.

आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. कॅबमधून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक स्वर वाजवतात, माइकने पकडतात, आणि त्यावरून गणिताने त्या स्पीकर-माइक-खोली या जोडीचा ठसा काढतात. हाती येते एक इवलीशी वेव्ह फाइल. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलची असली तर जेमतेम ४३ मिलीसेकंदांची. ती वाजवलीत तर फक्त ‘टक्’ ऐकू येईल, पण सगळा कॅब त्यात असतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरमध्ये आयआरसाठी वेगळी जागा आहे, मॉडेलच्या खालीच. चार बारा-इंची स्पीकरचा कॅब, व्हिंटेज ३० स्पीकर आणि एसएम-५७ माइक अशी एखादी साधी आयआर टाकून सुरुवात करा.

उलटं मात्र करू नका. कॅबसकट घेतलेल्या कॅप्चरवर आणखी आयआर लावली की आवाज रजईखाली जातो. प्लगिन आधीच कॅब देत असेल तरी तेच.

ट्यूबलाइट

बघा, एका अ‍ॅम्पसाठी किती यातायात. माझ्या अ‍ॅम्पला एक बटण आहे, चालू आणि बंद.

चेष्टा सोडा. मीही हे सगळं नीट लावून ऐकलंय एका मित्राकडे. आवाज बरोबर होता, नाकारत नाही. पण पायाला जाणवत नाही हो. ई तार जोरात छेडली की पँट हलते, तो भाग कुठे आहे? आणि अ‍ॅम्पसमोर उभं राहून एक स्वर धरला की तो गिटारला धरून परत फुलतो. हेडफोनमध्ये तो फुलतच नाही.

तारतम्य

सहमत, आणि ही तक्रार बहुतेक लोक चुकीच्या शब्दांत करतात म्हणून तुमचे आभार. हवेतला फीडबॅक तारांना परत हलवतो, हेडफोनमध्ये ती साखळीच तुटलेली असते. त्याला मॉडेल काय करणार? स्पीकरवर मोठ्याने वाजवलंत तर याच सॉफ्टवेअरमधून तो फुलतो.

दुसरी गोष्ट. हे प्लगिन ‘खोलीतला अ‍ॅम्प’ देतच नाहीत. देतात तो ‘माइकने पकडलेला अ‍ॅम्प, दुसऱ्या खोलीत बसून ऐकलेला’. एसएम-५७ स्पीकरच्या जाळीला टेकवून ठेवलेला असतो. तिथे कोणी कान नेऊन ऐकत नाही आणि नेऊ नये. आपण मात्र अ‍ॅम्प ऐकतो दोन मीटरवरून, तोही बहुधा गुडघ्यांनी, कारण स्पीकर तिकडे रोखलेला असतो. रेकॉर्डवर ऐकलेला प्रत्येक आवडता गिटार टोन मात्र या माइकवाल्या जातीचा आहे. अपेक्षा एकीची आणि आवाज दुसरीचा, इथे निम्मा अपेक्षाभंग होतो.

रच्याकने, हे काही कालचं खूळ नाही. लाइन ६ कंपनीचा लाल घेवड्याच्या आकाराचा पॉड (अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र) १९९८चा, गिटार रिग हे सॉफ्टवेअर २००४चं. त्या काळातले टोन आज ऐकले की प्लास्टिक वाटतात, तरी त्यांवर ढीगभर संगीत झालंय. बदललं ते आतलं तंत्र. पूर्वी सर्किटचं गणित मांडायचे: हा ट्रायोड, हा कपॅसिटर, ही त्यांची समीकरणं. आजही चांगले प्लगिन तसे असतात आणि त्यांचे नॉब खऱ्यासारखे फिरतात. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मुक्तस्रोत आहे आणि ते दुसऱ्या वाटेने जातं. आत काय आहे याची चौकशीच नाही, अ‍ॅम्पमध्ये काय घातलं आणि काय बाहेर आलं एवढं न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. अचूकता थक्क करते, पण तो फोटो आहे. नॉब जिथे होते तिथेच गोठलेले. गेन थोडा कमी हवा तर दुसरा फोटो शोधा.

शून्य_डेसिबल

उशिरा आलो. एक मुद्दा कोणी काढलाच नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक त्यात घसरतात: आत जाणाऱ्या सिग्नलची पातळी.

जुना सल्ला असा की इनपुट गेन वाढवत न्या, शिखरं उणे सहा डेसिबलला टेकली की थांबा. गाण्यासाठी ठीक. अ‍ॅम्प मॉडेलसाठी हा सल्ला बिनबुडाचा आहे. खऱ्या अ‍ॅम्पला गिटार जोडताना मधे असा नॉब नसतो. कमकुवत सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) कमी फाटतो, दणकट हंबकर (दोन वेटोळ्यांचा) जास्त, आणि तो फरक हाच तर गिटारचा स्वभाव. प्रत्येक गिटार उणे सहाला आणून ठेवलीत की सगळ्या गिटारी एकाच मापाच्या झाल्या. शिवाय क्रंचचं (हलकं फाटणारं) मॉडेल उगाचच ठोकलं जातं आणि आपण म्हणतो मॉडेल चिखल आहे.

मी करतो ते असं. गेन पूर्ण खाली. मग इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी बघायची, ती डीबीयू या विद्युत पातळीच्या एककात दिलेली असते. समजा १२ डीबीयू आहे, म्हणजे तेवढा सिग्नल आला की मीटर शून्याला टेकतो. कॅप्चर करणाऱ्याने नोंद केलीय की त्याच्याकडे शून्य म्हणजे १८ डीबीयू. तर तुमच्याकडून तीच गिटार मॉडेलला ६ डेसिबल जास्त मोठी दिसते. प्लगिनच्या इनपुटला उणे ६ करा, झाली जुळणी. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरच्या नव्या आवृत्त्यांत हा आकडा टाकायची सोय आहे, कॅप्चरमध्ये नोंद असेल तर वजाबाकी ते स्वतः करतं.

आणि मीटर उणे वीसला फिरतोय म्हणून घाबरू नका. २४ बिटला खाली भरपूर जागा असते.

खरखर

+१. फक्त एक. आकडा जुळवून आवाज आवडला नाही तर खुशाल वरखाली करा. शेवटी पेडलवाले बूस्टर लावतातच की.

शून्य_डेसिबल

जरूर, पण आधी शून्य कुठे आहे ते माहीत असावं, मग भटकावं.

अजून एक तपासणी, दोन मिनिटांची. हाय-गेन लावा, बाराव्या पट्टीच्या वर एक स्वर धरा आणि तार हळूहळू ताणा. स्वर वर जाताना मागे बारीक शिट्टीसारखं काहीतरी खाली सरकताना ऐकू येतंय? ते एलियसिंग. ४८ किलोहर्ट्झवर कॉम्प्युटर २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मांडू शकत नाही. डिस्टॉर्शनने ३० किलोहर्ट्झचा उपस्वर जन्माला घातला तर तो दुमडून १८ला येऊन बसतो, आणि मूळ स्वर वर गेला की हा खाली येतो. प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल घेऊन हिशेब) असेल तर ४ पट करा. प्रोसेसर घाम गाळेल, पण शिट्टी जाते.

निषाद_कोमल

लिनक्सवर कोणी आहे का? की आम्ही नेहमीप्रमाणे बाहेर उभे राहायचं?

तारतम्य

या आत. गिटारिक्स कित्येक वर्षं आहे, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरची कॅप्चर चालवणारं एलव्ही२ (लिनक्सवर चालणारा प्लगिनचा प्रकार) प्लगिनही आहे. पाइपवायरमध्ये (लिनक्सची ध्वनिव्यवस्था) बफर कमी करा. एएसआयओ या विंडोजवरच्या कमी विलंबाच्या ड्रायव्हरच्या भानगडीतून तुम्ही सुटलात, उलट आम्हीच बाहेर उभे आहोत.

पिकहरवली

मोनो केलं, दोन्ही कान जागे झाले. धन्यवाद तारतम्य!

आता नवीन रडगाणं: वाजवत नसताना सतत घूंऽऽ. गिटार सिंगल कॉइल आहे. नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावला तर शेवटचा स्वर मधेच कापला जातो.

खरखर

दोन वेगळे आवाज असू शकतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर तो वीजजोडणीच्या ग्राउंडचा. मग एक तर बॅटरीवर वाजवा किंवा चार्जर दुसरा बघा. राहिला तर तो पिकअप हवेतून उचलतोय. खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळा, एका कोनात तो जवळजवळ नाहीसा होईल. स्क्रीनपासून हातभर लांब सरका.

गेट साखळीत अगदी पहिला ठेवा, अ‍ॅम्पच्या आधी. डिस्टॉर्शननंतर ठेवलात की हलका सूर आणि घूं दोन्ही एकाच उंचीचे झालेले असतात, मग गेटने कोणाला ओळखायचं?

पिकहरवली

खुर्चीवर गोल फिरले. खिडकीकडे तोंड केलं की घूं गायब. आता सगळा रियाज खिडकीकडे बघत :-)

सहावी_तार

काल रात्री बाळ झोपल्यावर सगळं एकेक करून केलं. क्रमाने लिहितो.

आधी मॉनिटरचा नॉब फिरवला. ठ-ठक क्षणात गेली, पण आता फक्त मागून येणारा आवाज उरला आणि हाताला कळलं की तो किती मागून येतोय. इंटरफेसच्या आउटपुटमधून वायर इनपुटला जोडली, एक टिचकी वाजवून परत रेकॉर्ड केली आणि अंतर मोजलं: ४१ मिलीसेकंद! बफर २५६ म्हणजे ५ मिलीसेकंद असं समजून चाललो होतो.

मग कंपनीच्या साइटवरून तिचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला, बफर १२८ केला. परत मोजलं, ९.

इन्स्ट बटण दाबलं, गेन खाली. पहिल्यांदाच पिक तारेला घासल्याचा आवाज ऐकू आला. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला तर मॉडेल खरंच साफ होतं, मला वाटायचं ते फक्त खऱ्या अ‍ॅम्पमध्ये होतं.

आणि कॅप्चरच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: फक्त हेड. दोन महिने. आयआर टाकली आणि माशी मेली.

एकच खटकतंय. रात्री हेडफोनवर बांधलेला टोन सकाळी स्पीकरवर लावला तर खाली गदगदतंय आणि वर टोचतंय. असं का?

शून्य_डेसिबल

९ म्हणजे उत्तम. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे ९ मिलीसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहणं. ४१ म्हणजे चौदा मीटर. तुम्ही दोन महिने अंगणाच्या पलीकडून वाजवत होतात.

टोनचं: हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले जास्त. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे रात्री तुम्ही बेस आणि ट्रेबल वाढवलात, सकाळी आवाज मोठा झाल्यावर ते दोन्ही अंगावर आले. मोठ्या आवाजासाठी वेगळा प्रीसेट ठेवा. आयआरनंतर ८० हर्ट्झच्या खाली आणि ७-८ किलोहर्ट्झच्या वर कात्री चालवा. बासगिटारला जागा मिळते.

खरखर

आणि हाय-गेनसाठी अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल लावून बघा. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तो फाडण्यासाठी नाही, खालचा चिखल आत जाण्याआधीच गाळण्यासाठी असतो. ७२० हर्ट्झच्या आसपास त्याचा उंचवटा असतो, खालच्या तारा एकदम घट्ट होतात.

ट्यूबलाइट

एक विचारू का, हसणार नसाल तर. माझ्याच अ‍ॅम्पचं कॅप्चर मला करता येईल का? म्हणजे तो कपाटामागे जाणार नाही, पण रात्री...

पिकहरवली

आले! आले!

तारतम्य

येईल की. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरची तीनेक मिनिटांची एक फाइल असते, विचित्र किंचाळ्या आणि खरखरींची. ती इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून रीअँप बॉक्समार्गे (लाइन सिग्नल गिटारसारखा करणारी डबी) अ‍ॅम्पला द्यायची, स्पीकरसमोर माइक, आणि जे वाजेल ते रेकॉर्ड करायचं. दोन्ही फाइली ट्रेनरला द्या, तो शिकेल. रिव्हर्ब आणि ट्रेमोलो पूर्ण बंद ठेवा, हे तंत्र काळात पसरणारे इफेक्ट शिकत नाही. तीन मिनिटं नॉबला हात नाही, खोकला नाही.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्पीकर काढून ठेवून तो चालू करू नका. नुसत्या हेडचं कॅप्चर हवं म्हणून लोक वायर उपसतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर हवा किंवा त्याजागी योग्य लोड बॉक्स (स्पीकरचा भार स्वतः घेणारी पेटी) हवा.

ट्यूबलाइट

वायर नाही उपसत. माइक आहे. रीअँप बॉक्स मित्राकडून आणतो. रविवारी दुपारी घरचे बाहेर जातायत, तेव्हा तीन मिनिटं किंचाळून घेतो.

सहावी_तार

झालं की इथे टाका. तुमच्या अ‍ॅम्पवर पहिली रात्र माझी.

ट्यूबलाइट

आयआर लावू नका हं. कॅबसकट करणार आहे.